१८० कमांडो, १३८ कैदी आणि एक खोटा मेसेज

पोळा जवळ आला की आमच्याकडे एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो एकाच दिवशी तीन ग्रुपांवर आला. एक कॉलनीचा, एक सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला येणाऱ्यांचा आणि एक आम्हा माजी सैनिकांचा. खाली तिरंगा, जोडलेले हात आणि पुढे पाठवण्याची शपथ.

मजकूर थोडक्यात असा. ६ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, हलवारा आणि आदमपूर या आपल्या तीन विमानतळांवर १८० कमांडो पॅराशूटने उतरवले. सैन्य आणि हवाई दल झोपेत होतं. पंजाबच्या गावकऱ्यांनी नुसत्या काठ्यांनी त्यांना उसाच्या शेतात गाठलं आणि उजाडायच्या आत सगळ्यांना संपवलं. एकही परत गेला नाही. ते भित्रे होते, जीव वाचवण्यासाठी रडत होते. आपल्या विमानांना ओरखडासुद्धा आला नाही. तेव्हापासून आपल्या विमानतळांकडे वाकड्या नजरेनं पाहायची कोणाची हिंमत झालेली नाही.

असल्या मेसेजला मी सहसा उत्तर देत नाही. या वेळी देतोय त्याला कारण एक पोरगा आहे. आमच्याच गल्लीतला, एकोणीस वर्षांचा, भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला अंबाझरीच्या रस्त्यावर सोळाशे मीटरची वेळ लावून पळतो. परवा पळून झाल्यावर घाम पुसत माझ्या बाकाजवळ आला आणि मोबाईल पुढे केला.

“काकाजी, हे पाहा ना. सारे काठीनंच मेले म्हनते. मंग येवढी ट्रेनिंग घेऊन कमांडो बनाचा फायदा काय जी?”

“बाबू, बस इथं,” म्हटलं. तासभर बोललो. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण तो मेसेज वाचणारा तो एकटा नाही.

मी हवाई दलात आर्मामेंट फिटर होतो. विमानाला बॉम्ब आणि रॉकेटं लावायची, तोफेचे पट्टे भरायचे, हे माझं काम. ऐंशीच्या दशकात काही वर्षं आदमपूरला होतो, म्हणजे मेसेजमधल्या तीन विमानतळांपैकी एकावर. शेवटचं पोस्टिंग इथे वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांडला झालं आणि नागपूरचाच होऊन राहिलो. पासष्टची लढाई मी पाहिलेली नाही. पण ती पाहिलेल्या सीनियर लोकांच्या हाताखाली काम शिकलो.

मेसेजमधलं जे खरं आहे ते आधी सांगतो. तारीख खरी. तिन्ही विमानतळांची नावं खरी. एकशे ऐंशीच्या आसपास कमांडो होते, हेही खरं. ते पाकिस्तानी लष्कराच्या स्पेशल सर्व्हिस ग्रुपचे होते, सी-१३० हर्क्युलस विमानांतून उतरले होते, प्रत्येक विमानतळासाठी साठेक जण. मोहीम पार फसली, हेही खरं. त्याच्या पुढचं एकेक पाहू.

“सगळे ठार झाले, एकही परत गेला नाही”

आपल्याच बाजूने नोंदवलेले आकडे असे आहेत: १८० पैकी १३८ जण जिवंत पकडले गेले, २२ मारले गेले आणि उरलेले वीसेक जण सापडले नाहीत. त्यातले बहुतेक सीमा ओलांडून परत गेले. पठाणकोट सीमेपासून जवळ, त्यामुळे निसटलेल्यांत तिथले बरेच होते. एक सोडून सगळे अधिकारी कैद झाले. पठाणकोटच्या तुकडीचा प्रमुख मेजर खालिद बट्ट दोन दिवसांनी हाती लागला.

म्हणजे मेसेज म्हणतो ‘सगळे ठार’, आणि प्रत्यक्षात दर चारांतले तीन जण जिवंत पकडले गेले. हा फरक छोटा नाही. रात्रीच्या अंधारात हत्यारबंद आणि कसलेल्या शत्रूला गोळी घालणं सोपं असतं. त्याचे हात वर करवून, हत्यार काढून घेऊन, चिडलेल्या जमावातून सुखरूप कॅम्पपर्यंत नेणं फार कठीण असतं. ज्यांनी ते केलं ते आपलेच जवान होते, आपलेच पोलीस होते, आपलेच गावकरी होते. काही ठिकाणी संतापलेल्या गावकऱ्यांनी कमांडोंना ठार केलं, हे घडलं आणि ते लपवायचं कारण नाही. पण एकूण हिशोब १३८ आणि २२ चा आहे.

इथे एक नियम सांगतो, कारण पोरानेही तो विचारला. विमान पेटल्यावर जीव वाचवायला उडी मारलेल्या वैमानिकावर तो हवेत असताना गोळी चालवायची नसते. हल्ल्यासाठी उतरणाऱ्या पॅराट्रूपरला ते संरक्षण नाही, त्याच्यावर हवेतही गोळी चालवता येते. मात्र जमिनीवर येऊन त्याने हत्यार टाकलं की तो युद्धकैदी. मग जिनिव्हा करार लागू होतो. या १३८ जणांना आपण तसंच वागवलं आणि ताश्कंद करारानंतर ते आपल्या घरी परत गेले. आपल्या सैन्याची ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तिचं रूपांतर कत्तलीत केलं आणि वर त्याखाली हात जोडले.

“सैन्य झोपेत होतं, सगळं काठ्यांनी झालं”

पंजाबच्या गावकऱ्यांचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. पठाणकोटला कमांडो विमानतळापासून सुमारे तीन किलोमीटरवर उतरले. आजूबाजूला कालवे, ओढे आणि चिखलाची शेतं. चालता चालता तीन तास गेले आणि उजाडलं. तोपर्यंत एक गावकरी लष्कराच्या पठाणकोट सब एरिया मुख्यालयात पोहोचून सांगून आला होता की छत्रीवाले उतरलेत. मला विचाराल तर त्या रात्रीतलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे. त्याने काठी चालवली की नाही मला ठाऊक नाही. तो अंधारात चालत गेला आणि योग्य माणसाला योग्य खबर दिली.

मग काय झालं? मुख्यालयाने हाताशी होते तेवढे दोनशेक लोक गोळा केले आणि शोध सुरू झाला. तुकडीतले बहुतेक पहिल्याच दिवशी पकडले गेले. खबर देणारा गावकरी आणि धरपकड करणारे दोनशे जण, या दोन्ही गोष्टी लागतात. एक नसती तर दुसरीचा उपयोग नव्हता.

हलवाऱ्याला तर काही कमांडो विमानतळाच्या आवारातच येऊन पडले. तिथे कुठलं गाव नि कुठल्या काठ्या? तिथे हवाई दलाचेच लोक होते. ज्यांचं रोजचं काम इंजिन, वायरिंग, टायर, इंधन, त्यांच्या हातात रायफली आणि पिस्तुलं दिली गेली आणि कॅम्पच्या भोवतीच्या गवतात हालचाल दिसली की गोळी चालवायचा हुकूम झाला. याच लोकांनी त्याच संध्याकाळी डोक्यावर आपल्या हंटर आणि पाकिस्तानी सेबर या लढाऊ विमानांची झुंज पाहिली होती. फ्लाइंग ऑफिसर पिंगळे यांचं हंटर पडून ते पॅराशूटने उतरले, ते याच हलवाऱ्यावर. दहाच दिवसांनी त्याच पिंगळेंनी एक सेबर पाडलं. अशी संध्याकाळ काढून, जागरण करून, रात्री रायफल घेऊन गवतात पडून राहिलेल्या माणसांना ‘झोपेत होते’ म्हणायचं? माझ्या सीनियरांपैकी कोणी हे वाचलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, याचा विचार करवत नाही.

आदमपूरकडचे कमांडो विमानतळापासून फारच लांब पडले. पहाट झाली तेव्हा ते मक्याच्या शेतांत दडून होते. ऊस नाही, मका. पंजाब आर्म्ड पोलीस, जवान आणि गावकरी यांनी मिळून ती शेतं पिंजून काढली.

ही शेतं मला माहीत आहेत म्हणून थोडं थांबतो. सप्टेंबरातला पंजाबचा मका डोक्याच्या वर वीतभर गेलेला असतो. माझ्या वेळी एका रात्री कुंपणाबाहेरच्या मक्यात काहीतरी हलताना पहाऱ्यावरच्या संत्रीला दिसलं. गार्ड कमांडर म्हणून मी दोघांना घेऊन बाहेर गेलो. दिवसा जे शेत पाच मिनिटांत ओलांडतो, त्याला आम्हाला पाऊण तास लागला. पानाच्या कडा पात्यासारख्या, बाह्या खाली केल्या तरी मनगटं कापली जातात. हातभर अंतरावरचा आपला माणूस दिसत नाही, फक्त त्याच्या पायाखालचा आवाज येतो. आणि तोच आवाज चारी बाजूंनी येतोय असं वाटतं, कारण वाऱ्यानं अख्खं शेत सळसळतं. जमीन पाणी दिलेली, बूट घोट्यापर्यंत रुततो. त्या रात्री आत एक वळू निघाला. पण तो वळू आहे हे कळेपर्यंत माझ्या रायफलवरचा हात घामानं ओला झाला होता. आता कल्पना करा, की आत हत्यारबंद माणसं आहेत हे ठाऊक असताना लोक त्या मक्यात शिरले. गावकरीही शिरले, पोलीसही शिरले. एकाचं कौतुक करायला दुसऱ्याला झोपवायची गरज नाही.

“भित्रे होते, रडत होते”

पोराचा खरा प्रश्न इथे होता, म्हणून यावर सगळ्यात जास्त बोललो.

हे लोक भित्रे नव्हते. पाकिस्तानातल्या चेराटच्या डोंगरात तयार झालेले, त्या काळच्या पाकिस्तानी लष्करातले निवडक सैनिक होते. शत्रूच्या देशात, अंधारात, कुठे पडणार हे माहीत नसताना विमानाच्या दारातून उडी मारणारा माणूस भित्रा नसतो. त्यांना बुडवलं ते त्यांच्या योजनेनं. आणि ती कशी बुडाली हे समजून घेणं भरतीला जाणाऱ्या पोराच्या जास्त कामाचं आहे.

पहिली गोष्ट विमानातून माणसं टाकण्याचीच. पॅराशूटच्या उडीच्या वेळी हर्क्युलस सेकंदाला साठ-पासष्ट मीटर पुढे जात असतं. साठ माणसं दोन दारांतून एकामागोमाग एक निघाली तरी अर्धा मिनिट जातं. म्हणजे पहिला आणि शेवटचा माणूस यांच्यात पावणेदोन-दोन किलोमीटरचं अंतर. शंकरनगर चौक ते झाशी राणी चौक, साधारण तेवढं. दिवसा, मोकळ्या मैदानात असेल तर माणसं अर्ध्या तासात गोळा होतील. रात्री, कालव्यांच्या मुलखात, डोक्याएवढ्या पिकात, जिथे एका गावाचं कुत्रं भुंकलं की पुढच्या चार गावांची जागी होतात, तिथे साठ माणसांची तुकडी तुकडी राहतच नाही. दोघे इथे, पाच तिथे, एकटा कुठेतरी. स्फोटकं एकाच्या पाठीवर आणि ती लावणारा दुसऱ्याच शेतात.

दुसरी गोष्ट परतीची. आदमपूर सीमेपासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. बियास आणि सतलज या दोन नद्यांच्या मधला तो दोआब. चालत परत जायचं तर एक नदी ओलांडावीच लागते. विमान टाकून निघून गेलं, न्यायला कोणी येणार नव्हतं. काम फत्ते झालं असतं तरी घरी जायची वाट नव्हती. या तुकड्यांचे आधीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल मेहदी यांनी या बेताला विरोध केला होता, आणि पुढे त्यांनी तो लिहूनही ठेवला. त्यांचं ऐकलं गेलं नाही. वर याच स्पेशल सर्व्हिस ग्रुपच्या माणसांना ऑगस्टमध्ये काश्मीरच्या घुसखोरीत जुंपलं होतंच.

तिसरी गोष्ट टेहळणीची, आणि इथे मी पोराला दुसरं उदाहरण दिलं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या एसएएस या कमांडो दलाने पेबल बेटावरच्या अर्जेंटिनाच्या धावपट्टीवर छापा घातला. पंचेचाळीसच्या आसपास माणसं, एका रात्रीत अकरा विमानं निकामी, एकही मेला नाही. फरक कशात होता? काही दिवस आधी त्यांची छोटी तुकडी होड्यांतून जाऊन ती जागा डोळ्यांनी पाहून आली होती. हेलिकॉप्टरने नेलं, हेलिकॉप्टरनेच परत आणलं. पाठीशी युद्धनौकेच्या तोफा होत्या. १९६५ च्या रात्री पाकिस्तानी कमांडोंकडे यातलं काहीच नव्हतं.

आणि सगळं असूनही हे काम महागच पडतं. १९८९ च्या डिसेंबरात पनामातल्या पैतिया विमानतळावर अमेरिकेच्या नेव्ही सीलना एक विमान निकामी करायचं होतं. ते त्यांनी केलं. चार जण गेले, आठेक जखमी झाले, कारण उघड्या धावपट्टीवर लपायला काही नसतं आणि समोर हँगरमधून गोळ्या येतात. १९४५ च्या मे महिन्यात जपान्यांनी ओकिनावाच्या योंतान विमानतळावर बारा बॉम्बर विमानांतून माणसं पाठवली. त्यातलं एकच धड उतरलं. त्यातून बाहेर पडलेल्या दहा-बारा जणांनी नऊ विमानं नष्ट केली आणि इंधनाचा मोठा साठा पेटवला. आणि ते जवळजवळ सगळे मेले.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, “म्हंजे काठीवाल्याच्या जागी आपला संत्री सुस्त असता, अन् त्यायचे धाच जरी विमानायपर्यंत पोचले असते, त...”

“तर ती सकाळ वेगळी झाली असती,” म्हटलं. कमांडोच्या ट्रेनिंगचा फायदा काय, हे त्यानं आपणच शोधून काढलं.

“विमानांना ओरखडासुद्धा आला नाही”

हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण हे आपल्याच लोकांना फसवणं आहे.

कमांडोंनी एकही विमान उडवलं नाही, हे बरोबर. पण त्याच दिवशी संध्याकाळी, कमांडो उतरायच्या काही तास आधी, पाकिस्तानची आठ सेबर विमानं पठाणकोटवर येऊन गेली होती. आपली मिस्टेअर विमानं नुकतीच मोहिमेवरून परतली होती, त्यांच्यात इंधन भरणं चालू होतं. दहा विमानं जमिनीवरच गेली: सहा मिस्टेअर, दोन मिग-२१, एक नॅट आणि एक पॅकेट मालवाहू. मिग-२१ तेव्हा आपल्याकडे अगदी मोजकी होती, नवी कोरी. त्यातली दोन एका संध्याकाळी राख झाली.

ज्यानं विमानावर हात फिरवलाय त्यालाच कळेल हे काय असतं. एका विमानामागे दिवसरात्र काम करणारी दहा-पंधरा माणसं असतात. त्यांनी ते विमान सकाळी तयार करून पाठवलेलं असतं, संध्याकाळी आलेलं पाहून सुटकेचा श्वास सोडलेला असतो. माझ्या एका सीनियरने मला एकदाच सांगितलं होतं, की जळणाऱ्या विमानातून तोफेच्या गोळ्या आपोआप फुटत होत्या आणि त्या पट्ट्या दुपारी त्याने स्वतःच्या हाताने भरल्या होत्या. पुन्हा त्या विषयावर तो बोलला नाही.

पाकिस्तानचा बेत एकच होता, तीन पायऱ्यांचा: संध्याकाळी सेबर, रात्री बी-५७ बॉम्बर, आणि मग कमांडो. पठाणकोटला पहिली पायरी त्यांना पूर्ण जमली. मेसेज फक्त तिसरी सांगतो आणि पहिली पुसून टाकतो.

ती पुसायची नसते, कारण हवाई दलाने ती पुसली नाही. पठाणकोटच्या त्या संध्याकाळीनंतर विमानं उघड्यावर रांगेत उभी करणं बंद झालं. भिंतींआड विमान ठेवायच्या जागा, म्हणजे ब्लास्ट पेन, आणि पक्के निवारे बांधले गेले, विमानं पांगवून ठेवण्याची सवय लागली. म्हणून ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी विमानं पुन्हा आपल्या विमानतळांवर चालून आली, त्यात पठाणकोटही होतं, तेव्हा त्यांच्या हाती जवळपास काही लागलं नाही. मी ज्या पेनमध्ये वर्षानुवर्षं बॉम्ब लावले, त्याच्या जाड भिंती त्या दहा विमानांच्या किमतीत आल्या आहेत.

“तेव्हापासून कोणाची हिंमत झाली नाही”

२ जानेवारी २०१६ ची पहाट आठवा. तेच पठाणकोट. आतंकवादी विमानतळाच्या आत शिरले आणि आपले सात जण गेले. त्यात डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान होते, गरुड कमांडो गुरसेवक सिंग होते, एनएसजीचे लेफ्टनंट कर्नल निरंजन होते. याच सिक्युरिटी कोअरचे जगदीश चंद त्या पहाटे मेसमध्ये होते, हातात हत्यार नव्हतं. ते एका आतंकवाद्याच्या मागे धावले, त्याला धरलं आणि त्याच्याच रायफलीने त्याला मारलं. मग दुसऱ्यांच्या गोळ्यांनी ते गेले. त्यांना कीर्तिचक्र मिळालं.

‘कोणाची हिंमत झाली नाही’ असं लिहिणाऱ्याला जगदीश चंद हे नाव माहीत नसावं. माहीत असून लिहिलं असेल तर मला त्याच्याशी बोलायचंच नाही.

जे मेसेजमध्ये नाहीच

कमांडोंना विमानतळावर पाठवलं होतं ते एका कामासाठी: ७ सप्टेंबरच्या सकाळी भारताची विमानं उडू नयेत. त्यामुळे त्यांची मोहीम फसली की नाही हे मारलेल्यांच्या आकड्यावरून ठरत नाही. ते त्या सकाळवरून ठरतं.

त्या सकाळी आदमपूरच्या आसपास मक्यात हत्यारबंद कमांडो दडलेले होते. किती आहेत, कुठे आहेत, कोणालाच नीट माहीत नव्हतं. पंजाबभर छत्रीवाल्यांच्या अफवा पसरल्या होत्या. अशा अंधारात माझ्याच ट्रेडच्या लोकांनी, एका हातात टॉर्च आणि पाठीला रायफल लावून, मिस्टेअर विमानांना रॉकेटं लावली. पहाटे साडेपाचच्या सुमारास विंग कमांडर तनेजा यांच्या नेतृत्वाखाली नंबर वन स्क्वॉड्रनची बारा विमानं आदमपूरहून निघाली, थेट पाकिस्तानच्या सगळ्यात मोठ्या तळावर, सरगोध्यावर. हलवाऱ्याहून हंटर गेली. ज्या दोन विमानतळांना त्या सकाळी मुकं करायचं होतं, तेच दोन्ही उजाडताना सरगोध्यावर पोहोचले.

आदमपूरहून निघालेल्यांत स्क्वॉड्रन लीडर देवय्या होते. ते राखीव म्हणून निघाले होते, पण मागे फिरले नाहीत. परतीच्या वाटेवर पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरने त्यांना गाठलं. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाचं, मिस्टेअर त्याच्यापुढे हळू आणि जुनं. देवय्या परत आले नाहीत. बेपत्ता म्हणून नोंद झाली आणि काय झालं ते आपल्याकडे कोणालाच कळलं नाही.

१९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाचं पुस्तक आलं. ते पाकिस्तानी हवाई दलाच्याच मदतीने लिहिलेलं होतं. त्यात त्यांच्या बाजूची कबुली होती, की त्या सकाळी एक स्टारफायटर एका मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत पडलं आणि त्याचा वैमानिक उडी मारून वाचला. आपल्या लोकांनी ते वाचलं, तारीख जुळवली, वेळ जुळवली, कोण कुठे होतं ते जुळवलं. ते मिस्टेअर देवय्यांचं होतं. पडता पडता त्यांनी आपल्याहून दुप्पट वेगाचं विमान पाडलं होतं. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

हे सांगून झाल्यावर पोरगा बराच वेळ तलावाकडे पाहत बसला. ऊन वर आलं होतं. फिरणारी मंडळी पोह्यांच्या टपरीकडे निघाली होती.

“काकाजी, मंग त्यायच्या घरच्यांना तेवीस वर्षं हे मालूमच नोतं?”

“सुरुवातीची चौदा वर्षं तर कोणालाच नव्हतं, बाबू.”